‘सोलर’ म्हटलं की सगळे दोष माफ?

गणपती-दिवाळीचा बाजार भरला की एक सल्ला हमखास कानावर येतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर, शाळांच्या ‘हरित दिवाळी’च्या पत्रकांत तो असतो: विजेच्या माळा नकोत, सोलर बरण्या घ्या. काचेची बरणी, झाकणावर छोटं सौर पॅनेल, आत तांब्याच्या तारेवर ओवलेले बारीक दिवे. दिवसा उन्हात ठेवायची, अंधार पडला की आपोआप उजळते. वायर नाही, बिल नाही, आगीची भीती नाही. शिवाय पर्यावरणाचं रक्षण.

बरणी सुंदर दिसते, हे मला पूर्ण मान्य आहे. धुरकट काचेतून पाझरणारा पिवळसर उजेड डोळ्यांना निववतो, आणि शोभेची वस्तू शोभेसाठी घेण्यात गैर काहीच नाही. माझा विरोध आहे तो तिच्यावर चिकटवलेल्या ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाला. हा शब्द चुकीचा आहे आणि ही चूक किरकोळ नाही. त्याच्या भरवशावर आपण गरज नसलेल्या वस्तू घरात आणतो, बंद पडल्या की निर्धास्तपणे कचऱ्यात टाकतो, जिथे अंधार हवा तिथे उजेड करतो. आणि सौरऊर्जेसाठी झटलेल्या माणसांनी कष्टाने कमावलेली पत खर्ची घालतो, ती वेगळीच.

मूळ कल्पना एका कलावंताची आहे. टोबायस वाँग हा कॅनडात जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेला डिझायनर. २०१० साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. ‘सक यूके’ या ब्रिटिश कंपनीसाठी त्याने ‘सन जार’ तयार केली. मुरांब्याच्या बरणीत ऊन साठवून ठेवायचं आणि रात्री बाहेर काढायचं, अशी ती कल्पना होती. लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवून मुरवणाऱ्या आपल्या घरांना ती चटकन भिडावी अशीच आहे. वाँगची कितीतरी कामं माणसाच्या वस्तूंच्या हव्यासावर बोट ठेवणारी होती. एक कल्पना म्हणून, एक भेट म्हणून ती बरणी उत्तमच. पण पुढे तिच्या स्वस्त नकलांचा पूर आला, आणि त्या नकलांना पुण्यकर्माचा दर्जा मिळाला. माझं भांडण तिथून सुरू होतं.

आधी विजेचं पाहू, कारण सगळी शिफारस त्यावरच उभी आहे. हिशेब घरबसल्या करता येतो. झाकणावरचं पॅनेल असतं दोनेक इंचांचं. भर उन्हात ते फार तर ०.१ ते ०.१५ वॅट देतं. दिवसभराचं चढतं-उतरतं ऊन धरलं तर चार-पाच तासांच्या कडक उन्हाइतकी कमाई होते, म्हणजे रोज सुमारे अर्धा वॅट-तास. सेल भरताना आणि दिवा लागताना होणारी गळती मी सोडून देतो. पावसाळ्याचे चार महिनेही लख्ख उन्हाचे समजतो. तरीही वर्षाकाठी जमतात १८० वॅट-तासांच्या आसपास. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. वर्षभर न चुकता उन्हात ठेवलेली बरणी एक पंचमांश युनिटसुद्धा वाचवत नाही. युनिटला दहा रुपये धरा: वर्षाची बचत दोन रुपयांच्या आत.

हीच बचत दुसरीकडे कशी होते पाहा. हॉलमधला जुना पंखा पाऊणशे वॅट घेतो. खोलीतून उठताना तो अर्धा मिनिट आधी बंद केला की बरणीच्या अख्ख्या रात्रीची वीज वाचली. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स झोपताना मेन बटणावरून बंद केला, तर तो पाचच वॅट घेतो असं धरूनही आठ तासांत चाळीस वॅट-तास वाचतात, म्हणजे ऐंशी बरण्यांची एका दिवसाची कमाई. जुन्या पंख्याच्या जागी तीस वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला आणि तो दिवसाला दहा तास फिरला, तर एका दिवसात वाचणारी वीज बरणीच्या अडीच वर्षांच्या कमाईइतकी होते. घरातली वीज वाचवायची ज्याला खरोखर तळमळ आहे त्याने बरणीचे पैसे या पंख्यासाठी बाजूला टाकावेत.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. प्रत्येकाने एक बरणी ठेवली तर केवढी बचत होईल, असं लोक कळकळीने सांगतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण तळं साचायला आधी थेंब पदरात पडावा लागतो. काच वितळवायची तर भट्टी १,५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावी लागते. चांगल्या भट्टीतही किलोभर काचेला एक युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागते. अर्ध्या किलोच्या बरणीची नुसती काच बनवताना अर्ध्या युनिटहून अधिक ऊर्जा खर्च झालेली असते. बरणीने ती फेडायची म्हटली तर तीन वर्षं लागतात. लाखभर बरण्या वर्षात १८ हजार युनिटं वाचवतील, पण त्यांच्या काचेनेच आधी ५० हजारांहून अधिक खाल्लेली असतील. यात पॅनेल नाही, सेल नाही, चिप नाही, प्लास्टिकचं झाकण नाही, थर्माकोलचं खोकं नाही आणि समुद्रापलीकडून झालेला प्रवासही नाही. आणि बरणी तीन वर्षं टिकते कुठे?

ती का टिकत नाही, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. शेजारपाजारचे बिघडलेले दिवे, रेडिओ, टॉर्च उघडून बघायची मला सवय आहे. एकदा शेजारच्या काकूंनी बरणी आणून दिली.

“अहो, दिवाळीला घेतली होती, गुढीपाडव्यापर्यंतसुद्धा चालली नाही. गॅलरीत ऊन कमी पडतंय का?”

“ऊन भरपूर आहे, काकू. बहुतेक सेल गेलाय. उघडून बघतो.”

उघडणं सोपं नव्हतं. झाकणाच्या आतल्या बाजूला स्क्रूसाठी भोकं होती, पण स्क्रू नव्हते. चहूबाजूंनी गरम गोंद ओतून ते कायमचं बंद केलेलं होतं. ब्लेडने गोंद कापत गेल्यावर आतला संसार दिसला. पेन्सिल सेलच्या आकाराचा एक रिचार्जेबल सेल होता, निकेल मेटल हायड्राइडचा. त्याच्या टोकाशी पांढरट-हिरवी बुरशीसारखी पुटं जमली होती आणि स्प्रिंग गंजून तांबडी झाली होती. शेजारी नखाएवढी पट्टी, तिच्यावर चार पायांची एक चिप आणि हिरवी, बुटकी कॉइल. वरच्या पॅनेलवरचा पारदर्शक लेप उन्हाने पिवळा पडून ढगाळला होता.

मला स्वतःला ही चार पायांची चिप फार आवडते. सेल देतो १.२ व्होल्ट, आणि पांढरा एलईडी पेटायला लागतात तीनच्या आसपास. ही चिप त्या कॉइलमधून वीज क्षणात हजारो वेळा तोडते-जोडते आणि तो फरक भरून काढते. अंधार पडल्याचं ओळखायला तिला वेगळा डोळाही लागत नाही. पॅनेलकडून येणारा दाब उतरला की ती समजते, सूर्य मावळला. त्या एलईडीमागेही मोठी तपश्चर्या आहे. निळा एलईडी बनवणं हे अनेक वर्षं न सुटलेलं कोडं होतं. ते सोडवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. इतकी बुद्धी, इतके कष्ट ज्या वस्तूत ओतले आहेत, ती एका हंगामात मरेल अशा बेताने गोंदाने बंद करायची, याचा मला राग येतो.

चांगला निकेल सेल पाचशेच्या आसपास वेळा चार्ज होतो. रोज एकदा म्हटलं तर दीड वर्ष. आपल्या उन्हात बंद काचेवरचं झाकण भट्टीसारखं तापतं, त्यात हलका सेल. तो आणखी लवकर जातो. पहिल्या पावसात झाकणात पाणी शिरलं की उरलासुरला कारभार आटोपतो. काकूंच्या बरणीत मी पाऊणशे रुपयांचा नवा सेल घातला, स्प्रिंग घासली, दोन डाग दिले आणि ती लागली. बिघाड एवढासाच होता. ज्या दुकानातून ती घेतली होती तिथे मात्र काकूंना उत्तर मिळालं होतं, “याचं रिपेअरिंग होत नसतं, नवीन घ्या.” लाखो घरांत हे उत्तर मिळतं आणि लाखो घरं ते मानतात.

मग जुनी बरणी जाते कुठे? ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादलीत. काच वेचणाऱ्या बाईला त्या काचेचे पैसे मिळावेत, तर झाकण आणि तारा तिने काढायच्या. सेल कोणी काढत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे केंद्र सरकारचे नियम लागू आहेत. बॅटरी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आहे, आणि तुमच्या-माझ्यासारख्या ग्राहकानेही ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवायची आहे. सेल बाहेरच काढता येत नसेल तर ग्राहकाने हा नियम पाळायचा कसा? गोंदाने बंद केलेलं झाकण विकणारा माणूस ग्राहकाला नियम मोडायला भाग पाडतो, असं मी सरळ म्हणतो.

विजेचा हिशेब हरला की दुसरा युक्तिवाद पुढे येतो: बचत नसेल, पण लोकांना सौरऊर्जेची ओळख तर होते, मुलांना विज्ञान तर कळतं. हा युक्तिवाद मला जास्त लागतो, कारण तो करणारे बहुतेक शिक्षक असतात.

न उघडणाऱ्या झाकणातून मूल काय शिकणार? उन्हात ठेवलं की उजेड येतो, एवढंच. हे जादूच्या प्रयोगातही दिसतं. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं जे केलं ते याच्या नेमकं उलट होतं. काड्यापेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी सीडी अशा वस्तूंतून बनलेली त्यांची खेळणी मोडून पुन्हा जोडता येतात. मूल जोडताना शिकतं, मोडताना जास्त शिकतं. शाळेला सौरऊर्जा शिकवायची असेल तर सुटं पॅनेल, सुटा सेल आणि सुटा एलईडी आणावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे शे-दीडशे रुपयांत मिळतं. घरातली रिकामी बरणी मुलाने आणावी आणि झाकणाला भोक त्याने पाडावं. असा दिवा बंद पडला तरी मूल त्याचा पिच्छा सोडत नाही.

राहिली सौरऊर्जेची ओळख. ती महाराष्ट्राला करून द्यावी लागेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुंबईच्या आयआयटीत झालेलं काम पाहावं. प्रा. चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने २०१४ साली तिथून विद्यार्थ्यांसाठी सौर अभ्यास-दिव्यांचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या खेड्यांत दहा लाख दिवे पोचवायचे होते. विद्यार्थ्याने १२० रुपये द्यायचे. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पैशाची नव्हती. दिवे त्या त्या भागातच जोडले गेले, जोडणाऱ्यांना शिकवलं गेलं आणि दुरुस्तीची सोयही गावांजवळ ठेवली गेली. बंद पडलेला दिवा फेकायचा नसतो, नेऊन द्यायचा असतो, हे त्या योजनेतच गृहीत धरलेलं होतं. पुढे केंद्र सरकारने बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, आसाम, ओडिशातल्या मुलांसाठी ७० लाख अभ्यास-दिव्यांची योजना आखली, तीही याच पद्धतीने.

ज्यांनी रॉकेलच्या चिमणीसमोर बसून अभ्यास केला आहे त्यांना या दिव्याची किंमत सांगावी लागत नाही. नाकपुड्या काळ्या होत, डोळे चुरचुरत, वात कलली की पाटीवर सावली नाचे, आणि चिमणी कलंडली तर झोपडी पेटे. त्या चिमणीच्या जागी सौर दिवा आला आणि आयांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. ‘सोलर’ या शब्दाला आज जे वजन आहे ते असं मिळालेलं आहे. बंगळुरूच्या सेल्को या कंपनीने १९९५ पासून कर्नाटकातल्या गावांत घरोघरी सौर दिवे बसवले, त्यांची देखभाल केली, गरिबाला हप्ते बांधून मिळावेत म्हणून बँकांशी वाद घातले. त्या कामासाठी सेल्कोच्या हरीश हांडे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायका सौर दिव्याचं सर्किट जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या.

आता शहरातलं एक कुटुंब या शब्दावर विसंबून बरणी घेतं. ती पाच महिन्यांत बंद पडते. त्यांच्या मनात बसतं ते असं: सोलर म्हणजे टिकत नाही. पुढे सोसायटीच्या गच्चीवर पॅनेल बसवायचा विषय सभेत निघतो तेव्हा हेच लोक म्हणतात, “आमच्याकडे सोलरचं होतं, काही खरं नसतं त्याचं.” हे वाक्य मी सभांमधून ऐकलं आहे. गच्चीवरची यंत्रणा आणि ती बरणी यांत तुलना होऊच शकत नाही, हे समजावता समजावता सभा संपते. ओळख करून देणारी म्हणून जिचं कौतुक झालं तिनेच नाव खराब केलं, हे बरणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

सुंदर आणि प्रामाणिक एकाच वेळी असता येतं, याची उदाहरणं आहेत. आइसलँडशी नातं असलेला कलावंत ओलाफुर एलियासन आणि अभियंता फ्रेडरिक ओटेसन यांनी २०१२ साली ‘लिटल सन’ हा दिवा आणला. पिवळ्या फुलाच्या आकाराचा, गळ्यात अडकवता येणारा. शहरातल्या गिऱ्हाइकाने जास्त पैसे द्यायचे, म्हणजे जिथे वीज पोचलेली नाही तिथे तो कमी किमतीत विकता येतो. दक्षिण आफ्रिकेत ‘कन्सॉल’च्या काचेच्या बरणीवर बेतलेली सोलर बरणी जोहान्सबर्गमध्ये हाताने जोडली जाते, आणि वीज नसलेल्या घरांची गरज डोळ्यांसमोर ठेवूनच तिची सुरुवात झाली. तेव्हा बरणीच्या आकारात दोष नाही. वस्तू कोणासाठी केली आणि बिघडल्यावर तिचं काय व्हावं, याचा विचार करणाऱ्याने केला की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता अंधाराविषयी, कारण ‘निरुपद्रवी’ हा तिसरा दावा मला सगळ्यात कमी मान्य आहे. या बरण्यांना बाजारात काजव्यांचं नाव देतात. मावळ, मुळशी, भंडारदरा भागातल्या फार्महाउसांच्या आणि कॅम्पांच्या बागांत त्या झाडांना टांगलेल्या दिसतात, आणि बागेच्या कडेने जमिनीत खोचलेले सोलर दिवे तर आता सर्रास असतात. मेच्या अखेरीस वळवाच्या सरी पडून गेल्या की याच भागांत खरे काजवे निघतात. पुरुषवाडी, राजमाची, भंडारदरा इथे ते बघायला हजारो माणसं जातात. काजव्याची लुकलुक ही त्याची बोली आहे. नर ठरावीक लयीत चमकत उडतो, मादी खालून तशीच ठरावीक वेळ सोडून उत्तर देते, आणि प्रत्येक जातीची लय निराळी असते. प्रौढ काजव्याकडे जोडीदार शोधायला थोडेच दिवस असतात. त्या दिवसांत झाडाखाली रात्रभर न हलणारा पांढरा उजेड ठेवला तर नराची चमक मादीला दिसत नाही आणि दोघांचीही संधी हुकते. ज्याचं नाव बरणीला दिलं त्याचाच वंश बरणी तोडते.

विजेचा दिवा निदान माणूस झोपताना बंद करतो. सोलर दिव्याची गंमत म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ‘आपोआप लागतो’, तीच इथे घातक ठरते. कोणी पाहायला असो नसो, तो रोज लागतो आणि सेल रिकामा होईपर्यंत जळतो. फुकटची वीज म्हणून त्याला बंद करण्याचं कोणाच्या मनातही येत नाही. कोकणात वेळास, आंजर्ले इथल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं रात्रीच्या अंधारात वाळूतून वर येतात आणि क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे समुद्राकडे चालत सुटतात. पाठीमागे दिवे असले तर ती उलटी फिरतात. किनाऱ्यालगतच्या घरमालकांनी आणि होमस्टेवाल्यांनी विणीच्या हंगामात अंगणातले सोलर दिवे काढून ठेवावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. अंधाराची किंमत हळूहळू कळू लागली आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. त्याच वर्षी झाडांवरच्या रोषणाईविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली आणि न्यायालयाने सरकारला व महापालिकांना नोटिसा काढल्या. ‘आमची रोषणाई सोलरवर आहे’ हे त्या झाडावरच्या पाखराला सांगून उपयोग नाही.

बरणीच्या जोडीला आता आणखी एक वस्तू आली आहे, आणि ती मला बरणीपेक्षा वाईट वाटते: पाण्यावर पेटणारे प्लास्टिकचे दिवे. पणतीच्या आकाराचा दिवा, तळाशी धातूचे दोन ठिपके. पाण्यात ठेवला की पाणी दोन ठिपक्यांना जोडतं, सर्किट पूर्ण होतं, दिवा लागतो. हेही ‘तेल वाचतं, काजळी नाही’ म्हणून खपतात. यातल्या बहुतेकांत चपटा बटण सेल असतो आणि तो बदलण्याची सोय नसते. सेल संपला की दिवा संपला. कार्तिकात असे दिवे नदीत सोडलेले मी पाहिले आहेत. पानाच्या द्रोणातली कणकेची पणती पाण्यात विरघळून जाते. या प्लास्टिकच्या दिव्याचा सेल पाण्यात गंजतो आणि त्यातले धातू नदीत उतरतात.

आणि घरात लहान मूल असेल तर प्रश्न जिवाचा आहे. लिथियमचा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यात त्यातून प्रवाह वाहतो, जहाल अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. अमेरिकेने २०२२ साली कायदा करून अशा सेलचा कप्पा मुलाला उघडता येणार नाही असा असण्याची सक्ती केली. आपल्याकडे रस्त्यावर वीस-तीस रुपयांना मिळणाऱ्या चमकत्या शिंगांत, अंगठ्यांत, भोवऱ्यांत असा सेल चिमटीने निघतो. आणि बरणीचं झाकण उघडत नाही ते काही सुरक्षेसाठी नव्हे. जिथे सेल मुलाच्या हाताला लागू नये तिथे तो सैल असतो, जिथे ग्राहकाला बदलता यावा तिथे गोंद असतो. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

मग दिवाळीला घर उजळायचंच नाही का, असं मला विचारतात. जरूर उजळा. माळ्यावर गेल्या वर्षीची एलईडीची माळ आहे ना, ती काढा. पाच वॅटची माळ रोज पाच तास, दहा दिवस लावली तर पाव युनिट जातं, दोन-अडीच रुपये. ती बनवताना जो खर्च व्हायचा तो होऊन गेला आहे. एखादा टप्पा बंद असेल तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे न्या, त्याच्याही हाताला काम मिळेल. कुंभाराच्या पणत्या घ्या. फुटल्या तर मातीतच जातात. आणि बरणीच आवडत असेल तर जॅमची, मधाची रिकामी बरणी घरात असतेच. तिच्यासाठी सुटं झाकण-दिवा मिळाला आणि त्याचा सेल बदलता आला, तर तो घ्या, वर्षानुवर्षं वापरा. फक्त त्याला पर्यावरणाची सेवा म्हणू नका, आवड म्हणा. आवडीला सबब लागत नाही.

संपादकांना आणि शाळांना माझं सांगणं इतकंच की, ‘हरित दिवाळी’च्या यादीतून या बरण्या आणि पाण्यावरचे दिवे वगळा. उत्पादकांना आणि आयात करणाऱ्यांना सांगणं असं: झाकणाला स्क्रू लावा, बाजारात सहज मिळेल अशाच मापाचा सेल घाला, त्याचं माप खोक्यावर छापा, एक बंद-चालूचं बटण द्या. दोन स्क्रू आणि एका बटणाने बरणी परवडेनाशी होत नाही.

आणि वाचकहो, यंदा दुकानात अशी बरणी हातात आली तर उजेड बघण्याआधी ती उलटी करा आणि दुकानदाराला विचारा, “याचा सेल बदलता येतो का?” ‘नाही’ म्हणाला तर बरणी तिथेच ठेवा, आणि का ठेवली ते त्याला सांगून या.